दुपारी बारा ते दोन

फ्रान्सच्या कामगार कायद्यात एक कलम आहे. ज्या जागी काम चालतं, त्याच जागी बसून कामगारांना जेवू देऊ नये, असं ते मालकाला बजावतं. नियम मूळचा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा, कारखान्यातली धूळ आणि विषारी द्रव्यं घासाबरोबर पोटात जाऊ नयेत म्हणून केलेला. पुढे कारखान्यांच्या जागी कचेऱ्या आल्या तरी कलम राहिलं. कोविडच्या साथीत, फेब्रुवारी २०२१ मध्ये, सरकारनं ते तात्पुरतं शिथिल केलं, तेव्हा कुठे बाहेरच्या जगाला त्याचा पत्ता लागला. संगणकाच्या पडद्याकडे बघत डबा संपवणं आपल्याकडे इतकं अंगवळणी पडलं आहे की असा कायदा असू शकतो हेच आधी खरं वाटत नाही.

फ्रेंच माणूस सावकाश जेवतो याचं श्रेय बहुधा त्याच्या रसिकतेला दिलं जातं. मला ते अपुरं वाटतं. या सावकाशपणामागे दोन-अडीचशे वर्षांत घडत गेलेली एक व्यवस्था आहे: घड्याळाची, वाढपाची, कायद्याची, रस्त्यांचीसुद्धा. प्रवाशानं ती ओळखली, तर चार दिवसांच्या मुक्कामातही ती त्याला सामावून घेते. ओळखली नाही, तर दुपारी तीन वाजता भुकेल्या पोटी बंद दारासमोर उभं राहावं लागतं.

मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि समाजशास्त्रज्ञ क्लोद फिशलर यांनी सहकाऱ्यांसह २००३ मध्ये पॅरिस आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांतल्या जेवणाची तुलना प्रसिद्ध केली. मॅकडोनाल्ड्ससारख्या झटपट खाण्याच्या ठिकाणीही फिलाडेल्फियातलं गिऱ्हाईक सुमारे १४ मिनिटांत उठत होतं आणि पॅरिसमधलं सुमारे २२ मिनिटं बसत होतं. शिवाय पॅरिसमध्ये वाढलं जाणारं अन्न एकंदरीत कमी होतं. कमी अन्न जास्त वेळ खाणं, ही गोष्ट नुसत्या पाककलेतून येत नाही.

फ्रान्सच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेची पाहणी याहून बोलकी आहे. २०१० मध्ये फ्रेंच लोक दिवसाकाठी सरासरी २ तास २२ मिनिटं खाण्यापिण्यात घालवत होते. १९८६ च्या तुलनेत हा वेळ १३ मिनिटांनी वाढलेला होता. आणि दुपारी एकच्या ठोक्याला देशातली जवळजवळ निम्मी माणसं जेवत होती. मला यातली शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. सगळा देश एकाच वेळी जेवायला बसतो, म्हणून त्या वेळी कोणी कोणाला घाई करत नाही. अनेक गावांत दुकानंही तेवढा वेळ बंद राहतात. मग दोन वाजले की स्वयंपाकघर थांबतं, ते संध्याकाळी सात-साडेसातपर्यंत. भटारखान्यातल्या माणसांनाही विसावा हवा असतो.

टेबलावर हा वेळ कशात जातो? जुन्या राजेरजवाड्यांच्या मेजवानीत सगळे पदार्थ एकाच वेळी मेजावर मांडत. देखावा भव्य, पण गरम पदार्थ निवून जात आणि ज्याच्या हाताशी जे येई ते त्यानं खायचं. एकोणिसाव्या शतकात रशियन पद्धत पॅरिसमध्ये आली: एकामागून एक पदार्थ थेट स्वयंपाकघरातून, प्रत्येकाच्या ताटात. तिचं श्रेय रशियाचे राजदूत कुराकिन यांना देतात. शतकाच्या उत्तरार्धात उर्बँ द्युब्वा या आचाऱ्यानं ती रूढ केली. म्हणजे आज अस्सल फ्रेंच समजला जाणारा हा क्रम मुळात परदेशी पाहुणा आहे. आपल्या पंगतीत दोन्ही रीती शेजारी नांदतात. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आधीच पानाच्या डावीकडे, आणि वरण-भातापासून मठ्ठ्यापर्यंतचं बाकीचं वाढप फेऱ्याफेऱ्यांनी.

१६ नोव्हेंबर २०१० रोजी युनेस्कोनं ‘फ्रेंचांचं सणासमारंभाचं भोजन’ मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. कुठल्याही एका पदार्थाला हा मान मिळाला नाही. मिळाला तो क्रमाला: आधी भूक चाळवणारं पेय, मग निदान चार फेऱ्या. सुरुवातीचा पदार्थ, भाज्यांसह मासा किंवा मांस, चीज, शेवटी गोड. त्या नोंदीत पदार्थांची निवड, पेयाशी मेळ, टेबलाची मांडणी आणि एकत्र बसणं यांचाही समावेश आहे.

साध्या जेवणातही हा क्रम टिकून असतो. रेस्तराँच्या दाराशी काळ्या फळ्यावर खडूनं ‘प्ला द्यु जूर’, म्हणजे आजचा पदार्थ, लिहिलेला असतो. शेजारी दोन किंवा तीन फेऱ्यांच्या जेवणाची ठरावीक किंमत. पाव आणि नळाच्या पाण्याची सुरई जेवणाबरोबर फुकट मिळते, तसा नियमच आहे. टेबलावरच्या सगळ्यांचं संपेपर्यंत बशा सहसा उचलत नाहीत. संपलं की काटा आणि सुरी ताटात शेजारी शेजारी ठेवायची, ती खूण वाढप्याला पुरते. कॉफी गोडाच्या नंतर येते, बरोबर नाही. बिल मागितल्याशिवाय येत नाही. न मागता आणणं म्हणजे पाहुण्याला ऊठ म्हणणं. आपली माणसं याला दुर्लक्ष समजतात आणि चिडतात, ते पाहून मला वाईट वाटतं, कारण तो खरं तर मान असतो. सेवेचं शुल्क किमतीतच धरलेलं असतं, त्यामुळे वाढप्याचं पोट बक्षिशीवर अवलंबून नसतं.

मुळात स्वतंत्र टेबलावर बसून, यादीतून निवडून, आपल्या सोयीच्या वेळी खाण्याची रीत पॅरिसनंच रुजवली. तिथल्या खाणावळींत आधी एकच सामाईक मेज असे, ठरलेल्या वेळी, समोर येईल ते खायचं. १७६० च्या दशकात अशक्त प्रकृतीच्या लोकांसाठी पौष्टिक मांसरस विकणारी नवी ठिकाणं निघाली, आणि त्यांतून पुढची रेस्तराँ वाढली. राज्यक्रांतीनंतर पाले-रोयालच्या परिसरात त्यांची गर्दी झाली. स्वस्तात जेवायचं तर १८९६ पासून चालू असलेलं शार्तिए अजून आहे. तिथला वाढपी बिल टेबलावर अंथरलेल्या कागदावरच लिहितो. भिंतीवरच्या छोट्या खणांत पूर्वी नेहमीची गिऱ्हाइकं आपापले रुमाल ठेवत.

जेवण आणि प्रवास यांची गाठ मात्र टायरच्या कंपनीनं बांधली. मिशेलिन बंधूंनी १९०० मध्ये मोटारवाल्यांसाठी फुकट मार्गदर्शिका काढली, तेव्हा फ्रान्समध्ये तीन हजारही मोटारी नव्हत्या. १९२६ पासून तीत तारे आले, आणि त्यांचा अर्थही रस्त्याच्या भाषेत ठरला: दोन तारे म्हणजे वाट वाकडी करून जावं असं, तीन म्हणजे केवळ त्यासाठी प्रवास करावा असं. पॅरिसहून दक्षिणेकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग सातवर या ताऱ्यांची दाटी होती, आणि त्याच वाटेवर लियों.

या शहराचा लौकिक बायकांनी उभारला, हे पुरेसं सांगितलं जात नाही. श्रीमंतांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या बायांनी बाहेर पडून आपापल्या खाणावळी काढल्या. गाव त्यांना ‘मेर’, म्हणजे आई, म्हणे. त्यांतली युजेनी ब्राझिए १८९५ मध्ये ब्रेसजवळच्या शेतकरी कुटुंबात जन्मली. लहानपणीच आई गेली. लग्नाआधी मूल झालं आणि ती लियोंला घरकामाला आली. १९२१ मध्ये तिनं र्‍यू रोयालवर छोटी जागा घेतली. १९३३ मध्ये ती जागा आणि कोल द ला ल्युएर या घाटातलं तिचं दुसरं रेस्तराँ, दोन्हींना तीन-तीन तारे मिळाले. कातडीखाली काळ्या ट्रफलच्या चकत्या सरकवलेली ब्रेसची कोंबडी ही तिची ओळख. १९४६ मध्ये पॉल बोक्यूज तिच्याकडे उमेदवारीला राहिला, तेव्हा त्याला गाईचं दूध काढणं, बागेत राबणं, कपडे धुणं, सगळं करावं लागे. पुढे फ्रान्सचा सर्वांत नामवंत आचारी झाला तरी त्यानं ते ऋण कायम मानलं.

लियोंच्या ‘बुशों’ नावाच्या छोट्या भोजनगृहांत रेशीम विणणाऱ्या कामगारांचं खाणं अजून मिळतं. पहाटेपासून मागावर बसलेले विणकर सकाळी नऊ-दहाला भरपेट जेवत. तिथं कोथळ्याचे आणि आतड्यांचे पदार्थ बरेच. शाकाहारी माणसाला ताज्या पांढऱ्या चीजमध्ये लसूण, चाइव्ह आणि शॅलट घोटून केलेला ‘सेर्वेल द कान्यू’ मागता येईल. पण कडक शाकाहाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: पारंपरिक फ्रेंच चीजमध्ये बहुधा वासराच्या जठरातलं विरजण असतं, आणि कांद्याच्या सुपाचा आधार अनेकदा गोमांसाचा रस असतो. विचारायला संकोच करू नये. आता शाळेच्या खानावळींतही आठवड्यातून एक शाकाहारी जेवण कायद्यानं येतं.

जुनं सगळंच शाबूत नाही. कारखान्यातून आलेलं तयार अन्न गरम करून वाढणारी रेस्तराँ इतकी वाढली की २०१४ मध्ये सरकारला ‘घरी केलेलं’ या अर्थाची खूण ठरवावी लागली: पातेल्यावर झाकणाच्या जागी घराचं छप्पर. यादीवर ती शोधावी.

आपल्या सहलींत सकाळी संग्रहालय, दुपारी बसमध्ये सँडविच आणि रात्री भारतीय जेवण, अशी आखणी असते. बरोबरच्या वयस्कर माणसांसाठी रात्रीचा वरण-भात मी समजू शकतो. पण दुपार मोकळी ठेवावी. रात्रीच्या मानानं दुपारचं जेवण स्वस्त पडतं, बऱ्याचदा त्याच स्वयंपाकघरातलं असूनही. आदल्या दिवशी टेबल राखून ठेवावं, साडेबाराला पोचावं, आणि पुढचं काही अडीचच्या आत ठरवू नये. रविवारची रात्र आणि सोमवार बरीच रेस्तराँ बंद असतात. त्या दिवशी सकाळीच बाजारातून पाव, चीज आणि फळं घेऊन ठेवावीत.