पहिल्या रकातीला अडणारे पाय

तरावीहची जमात उभी राहिली आहे. इमामसाहेब पहिल्या रकातीच्या दुसऱ्या सजद्यातून उठतात, सफेतले सगळे उठतात, आणि एखादा धट्टाकट्टा तरुण मात्र जमिनीला खिळल्यासारखा राहतो. हात टेकून तो कसाबसा उभा राहतो, तोवर पुढची किरात सुरू झालेली असते. आठव्या-दहाव्या रकातीला हाच तरुण सगळ्यांबरोबर सहज उठबस करतो. मग मागच्या सफेतले बुजुर्ग म्हणणारच, "मघाशी नुसता आळस होता!"

पनवेलच्या एखाद्या मशिदीत असा तरुण दिसला, तर आळशी ठरवण्याआधी 'मायोटोनिया कंजेनिटा' हे नाव आठवावे. हा स्नायू ताठरण्याचा दुर्मीळ, आनुवंशिक आजार आहे. आकसलेला स्नायू सैल पडावा म्हणून त्याच्या पेशींच्या आवरणात क्लोराइडसाठी बारीक दारे असतात. ती घडवणाऱ्या जनुकात दोष असला की मेंदूचा हुकूम संपला तरी स्नायू काही सेकंद आकसलेलाच राहतो. तीच हालचाल पुन्हा पुन्हा केली की मोकळा होतो आणि जरा वेळ बसले की परत ताठरतो. म्हणजे चार रकातींनंतर इतर लोक दम घेतात, तेव्हा याची मेहनत पाण्यात जाते. त्यात सतत आकसून स्नायू पहिलवानासारखे भरदार होतात. अशा अंगाच्या माणसाची तक्रार कोण खरी मानणार?

युलियस थॉमसेन या डॉक्टरांच्या घरातही हेच झाले. श्लेस्विग प्रांतातल्या कापेल्न गावी ते वैद्यकी करत. हा आजार त्यांना स्वतःला होता, घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या होता. लष्करातली भरती टाळण्यासाठी मुलगा ढोंग करतो, असा आरोप झाला तेव्हा १८७६ साली त्यांनी आपल्या घराण्याची ही हकीकत छापली. आज आजाराचा एक प्रकार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यात आई किंवा वडील बाधित असले तर प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता असते. बेकर प्रकारात मात्र दोघेही वरकरणी ठणठणीत असतात. दोघांकडून एकेक सदोष जनुक आले तरच मूल बाधित होते, म्हणजे चारांत एक शक्यता. चुलत-मावस नात्यातली लग्ने आपल्याकडे होतात, मामाच्या मुलीशी लग्न मराठी हिंदू घरांतही होते. अशा घरात हा आजार निघाला असेल, तर पुढचे नाते ठरवण्याआधी जनुकीय सल्ला घेतलेला बरा.

याचाच एक चुलतभाऊ आहे, पॅरामायोटोनिया. त्याची रीत उलटी. हालचाल वाढली की ताठरपणा वाढतो आणि थंडीने तर फारच. सहरीनंतर गार पाण्याने वजू करताना डोळे मिटले की पापण्या लवकर उघडतच नाहीत. इथे कोमट पाणी हाच अर्धा इलाज.

निदानासाठी स्नायूत बारीक सुई घालून विद्युत तपासणी करतात. यंत्रातून सूर मारणाऱ्या विमानासारखा चढता-उतरता आवाज येतो. आजार मुळातून जात नाही, पण ताठरपणा कमी करता येतो. मेक्सिलेटिन हे मूळचे हृदयाच्या ठोक्यांवरचे औषध. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ५९ रुग्णांवरील चाचणीत त्याने ताठरपणा स्पष्टपणे घटला. ते सुरू करण्याआधी ईसीजी हवाच. काही रुग्णांना कार्बामाझेपिन किंवा लॅमोट्रिजिन देतात. शस्त्रक्रियेची वेळ आली तर भूलतज्ज्ञाला आजाराचे नाव आधी सांगायचे, कारण भुलेच्या वेळी दिल्या जाणाऱ्या सक्सामेथोनियमने जबडा आवळून श्वासनळीत नळी घालणे अवघड होऊ शकते. चिठ्ठी पाकिटात असलेली उत्तम.

मेक्सिलेटिन बहुधा दिवसातून तीनदा घ्यावे लागते. दुपारची गोळी सहरीत उरकणे किंवा इफ्तारला दोन एकदम घेणे धोक्याचे. रोजे धरायचे असतील तर चांद दिसण्याआधीच न्यूरॉलॉजिस्टशी बोलून वेळा ठरवाव्यात. आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची आणि उभे राहणे जमत नसेल तर बसून नमाज पढण्याची मुभा आहेच.

दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणातले एक केंद्र परळच्या केईएम रुग्णालयात आहे. पनवेलहून हार्बर लोकलने कुर्ला, तिथे गाडी बदलून परळ. जागा मिळाली तरी अशा रुग्णाने चेंबूर आले की उठून उभे राहावे आणि पाय हलवत राहावे, म्हणजे कुर्ल्याला दारापर्यंत पोचता येते.