संमिश्र ख्रिस्ती शिबिरांतील उपासनाविषयक मतभेद : स्वरूप आणि निवारण

जानेवारी २०२० मध्ये धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) येथे भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो या कॅथलिक धर्मगुरूंनी भूषविले. ख्रिस्ती माणसाची मराठी ही मराठीच होय, ही गोष्ट त्या प्रसंगाने सर्वांसमोर आली. परंतु मराठीत प्रार्थना करणाऱ्या ख्रिस्ती लोकांची उपासनापद्धती एकच आहे, असा निष्कर्ष मात्र त्यावरून काढता येणार नाही. प्रभूची प्रार्थना सर्वांना सारखी. तथापि प्रॉटेस्टंट मंडळ्या तिच्या अखेरीस जे गौरववचन सलग म्हणतात, ते कॅथलिक मिस्सेत धर्मगुरूंच्या एका वेगळ्या प्रार्थनेनंतर येते. एका दिवाणखान्यात दोन्ही पंथांची मुले प्रार्थनेस बसली, तर काही थांबतात आणि काही पुढे म्हणत राहतात. भेदाची पहिली जाणीव अशी अगदी साध्या रीतीने होते.

धाराशिवसारख्या जिल्ह्यात ख्रिस्ती समाज अत्यल्प आहे. अशा ठिकाणी उन्हाळी सुट्टीतील शिबिर भरवावयाचे, तर प्रत्येक पंथाने वेगळे भरविणे सहसा परवडणारे नसते. निरनिराळ्या मंडळ्यांतील मुले एकत्र आणणे ओघानेच येते. या शिबिराचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. शिबिर म्हणजे मंडळी नव्हे. त्याला ना स्वतःचा सिद्धान्त, ना परंपरा, ना धर्माधिकार. आठ-दहा दिवसांच्या वेळापत्रकावर मात्र त्याची पूर्ण सत्ता असते. जेथे ही मर्यादा ओळखली जात नाही, तेथे वाद चिघळतो. म्हणून उपस्थित झालेला मतभेद कोणत्या पातळीवरचा आहे, हे प्रथम ठरविणे अवश्य आहे. अशा पातळ्या तीन मानता येतील : अभिरुचीची, भक्तीच्या रीतीची आणि संस्काराची.

पहिली पातळी अभिरुचीची. पाश्चात्त्य चालीवरील भाषांतरित गीते गावीत की टाळ-मृदंगावरची भजने, हा वाद महाराष्ट्राला जुनाच आहे. एकोणिसाव्या शतकात अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) परिसरात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रूढ केले; १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) देशी चालींवरील पदांची मोठी भर घातली. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात परकीय चालींची गीते आणि टिळकांची पदे आज शेजारी शेजारी नांदतात. एका बाजूने दुसरीला हरविले, म्हणून हा वाद मिटला नाही. दोहोंना एकाच पुस्तकात जागा मिळाली, म्हणून तो मिटला. शिबिरानेही येथे पाळीपाळीचा न्याय लावावा.

तथापि ‘देशी’ हा शब्दही वाटतो तितका निर्विवाद नाही. व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेविषयीच्या घोषणापत्रात श्रद्धेला बाध न येणाऱ्या बाबतींत कठोर एकरूपतेचा आग्रह सोडला. त्यास अनुसरून १९६९ मध्ये भारतातील कॅथलिक उपासनेसाठी बारा मुद्द्यांना रोमची मान्यता मिळाली. जमिनीवर बसणे, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून नमन करणे, आरती, तेलाचे दिवे ही त्यांतील काही होत. यावर काहींनी हे हिंदूकरण असल्याचा आक्षेप घेतला. पुढे दुसऱ्या दिशेनेही प्रश्न आला. अरविंद निर्मळ या मराठी ख्रिस्ती अभ्यासकाने १९८१ पासून दलित दृष्टीतून धर्मचिंतन मांडले आणि भारतीय ख्रिस्ती विचारावरील ब्राह्मणी परंपरेच्या वर्चस्वावर बोट ठेवले. हीच कसोटी उपासनेस लावली, तर संस्कृतप्रचुर आरती ही हलगीच्या तालावर वाढलेल्या मुलाला इंग्रजी गीताइतकीच परकी वाटू शकते, हे मान्य करावे लागते. तेव्हा अभिरुचीच्या प्रश्नामागे कधी कधी सन्मानाचा प्रश्न उभा असतो, याचे भान संयोजकांनी ठेवावे. कोणाचे वाद्य कधीच वाजत नाही, एवढे पाहिले तरी पुष्कळ उलगडा होतो.

दुसरी पातळी भक्तीच्या रीतीची. १९०५ मध्ये केडगाव येथील पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात जे जागरण झाले, त्यात शेकडो मुली व स्त्रिया एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. रडणे आणि अन्य भाषांतून बोलणे हेही घडले. काही मिशनऱ्यांना तो गोंधळ वाटला. रमाबाईंनी आपल्या नियतकालिकातून त्या उपासनेचे समर्थन केले. त्यांच्या सहकारी मिनी अेब्रम्स यांनी या अनुभवाचा पुरस्कार केला, परंतु अन्य भाषांचे दान प्रत्येकाला मिळालेच पाहिजे असा हट्ट धरला नाही. हा विवेक आजही उपयोगी पडणारा आहे. उत्कट प्रार्थनेला मज्जाव नसावा, पण तिला श्रद्धेचे मोजमापही करू नये. विशेषतः अल्पवयीन मुलांच्या बाबतीत, समूहाच्या दडपणाखाली एखाद्याने अनुभवाचे सोंग आणणे किंवा अनुभव न आल्याने स्वतःला पापी समजणे, ही हानी मोठी आहे. म्हणून अशी प्रार्थना ऐच्छिक वेळेत असावी आणि तेथून उठून जाण्याची मोकळीक प्रत्येकास उघडपणे सांगितलेली असावी.

तिसरी पातळी संस्काराची. येथे पाळीपाळीचा न्याय चालत नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्यांच्या एकीकरणातून उत्तर भारतीय मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली. बालबाप्तिस्मा आणि विश्वास स्वीकारल्यानंतरचा बाप्तिस्मा, हे दोन्ही तिने मान्य पर्याय म्हणून ठेवले. पण त्यामागे अनेक वर्षांच्या वाटाघाटी होत्या आणि ठराव करण्याचा अधिकार असलेली मंडळे होती. कॅथलिक मंडळीत इतर पंथीयांना प्रभुभोजनात सहभागी करून घेण्याची मुभा विशिष्ट व अपवादात्मक प्रसंगीच मिळते. १९९३ च्या ऐक्यविषयक निर्देशिकेतही हेच धोरण कायम आहे. मंडळ्यांना जे दशकानुदशके सुटले नाही, ते शिबिराच्या संयोजकांनी रात्रीच्या बैठकीत हात वर करून सोडवू पाहणे हा अधिकाराचा अतिक्रम होय.

वरील विवेचनावरून काही व्यवहार्य नियम निष्पन्न होतात. एक, दैनंदिन उपासनेत सर्वांना समान असलेले घटक — शास्त्रवाचन, स्तोत्र, प्रभूची प्रार्थना, मौन — एवढेच अनिवार्य असावेत. दोन, प्रभुभोजन अथवा मिस्सा त्या त्या पंथाच्या पाळकाने वा धर्मगुरूने स्वतंत्र वेळी चालवावी. तीन, शिबिरात कोणाचाही बाप्तिस्मा करू नये. तशी इच्छा व्यक्त झाल्यास ती पालकांना व मूळ मंडळीला कळवावी. चार, ही सर्व व्यवस्था शिबिरापूर्वी पालकांना लेखी कळवावी, कारण आधी सांगितलेला भेद सहन होतो, ऐन वेळी कळलेला अपमानासारखा वाटतो. पाच, तक्रार ऐकण्यासाठी भिन्न पंथांच्या दोघांची नेमणूक आधीच झालेली असावी.

या व्यवस्थेत एक वेदना शिल्लक राहते, ती लपविणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. जी मुले दुपारी एका पंगतीत भाकरी खातात, तीच मुले दुसऱ्या सकाळी निरनिराळ्या खोल्यांत प्रभूची भाकर घेतात. ज्या समाजातील अनेकांच्या पूर्वजांना पंगतीतून उठविले गेले होते, त्याला हे अधिकच बोचते. परंतु ही बोच शिबिराने परस्पर बुजवावयाची नसून ज्यांना अधिकार आहे त्या मंडळ्यांपर्यंत पोहोचवावयाची आहे. ती मुलांच्या शब्दांत नोंदवून पाळकांच्या व धर्मगुरूंच्या हाती देणे, हे शिबिराच्या अधिकारातील काम आहे आणि ते त्याने अवश्य करावे.