आगगाडी पाहण्याचा छंद

मनुष्याचे छंद नानाविध असतात. कोणी टपालाची तिकिटे जमवितो, कोणी पक्ष्यांचा मागोवा घेतो, तर कोणी आगगाड्या न्याहाळण्यात रमतो. या शेवटच्या छंदास फारशी सामग्री लागत नाही. स्थानकाचा फलाट, एक वही आणि थोडा धीर एवढे पुरे. इंजिनाचा क्रमांक व डब्यांची संख्या टिपावी आणि पुढील गाडीची वाट पाहावी, हाच त्यातील आनंद.

मेलबर्नच्या पॉइंट कुक या उपनगराचा लौकिक विमानदलामुळे. तेथे रेल्वे स्थानक नाही. परंतु त्याच्या उत्तरेस २०१३ साली विल्यम्स लँडिंग हे स्थानक उघडले. येथे दोन निरनिराळ्या रुंदींचे लोहमार्ग शेजारी शेजारी दिसतात. वेरिबीच्या विजेच्या गाड्या १६०० मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरून धावतात, तर अ‍ॅडलेडकडील लांबलचक मालगाड्या १४३५ मिलिमीटरच्या रुळांवरून जातात.

ही दुसरी रुंदी मॉरिशसच्या मराठी कुटुंबांस परकी नाही. तेथील जुन्या रेल्वेचे रूळही एवढ्याच रुंदीचे होते. ती रेल्वे १८६४ साली सुरू झाली. शर्तबंदीने गेलेल्या पूर्वजांच्या घामातून ऊस उभा राहिला, आणि त्याची साखर त्या रेल्वेने पोर्ट लुईच्या बंदराकडे नेली. शेतात राबणाऱ्या त्या पिढीस गाडीकडे निवांत पाहण्याची उसंत कोठून मिळणार? पुढे १९५६ साली प्रवासी गाड्या थांबल्या, १९६४ साली मालगाड्याही बंद पडल्या आणि रूळ उखडले गेले.

नेमक्या त्याच काळात मेलबर्नच्या पूर्वेकडील डोंगरात वेगळाच इतिहास घडला. १९०० साली सुरू झालेला ७६२ मिलिमीटर रुंदीचा छोटा लोहमार्ग १९५३ साली दरड कोसळून अडला, आणि पुढे सरकारने तो बंद केला. परंतु आगगाडीच्या चाहत्यांनी १९५५ साली संस्था स्थापिली आणि श्रमदानाने मार्ग दुरुस्त करण्यास आरंभ केला. १९६२ साली ‘पफिंग बिली’ बेलग्रेव्हहून पुन्हा धावू लागली. १९९८ साली ती गेम्ब्रुकपर्यंत पोहोचली. केवळ पाहण्याचा छंद अशा रीतीने सेवाकार्य झाला.

मॉरिशसमध्येही २०२० पासून मेट्रो धावत आहे. २०२२ साली ती क्यूरपिपपर्यंत गेली. तिचा काही मार्ग जुन्या रेल्वेच्या वाटेनेच जातो. रूळ पुन्हा घालता येतात. आठवणी मात्र एकदा गेल्या की परत येत नाहीत. १९५६ पूर्वी त्या गाडीत बसलेले आजी-आजोबा आज मोजकेच उरले असतील. ती कोणत्या स्थानकावर थांबे, तिची शिटी कशी वाजे, कोणत्या डब्यातून कोण प्रवास करी, हे त्यांच्यापाशी बसून विचारावे आणि लिहून ठेवावे. आगगाडीच्या छांदिष्टाची वही याच कामी यावी. पूर्वजांस जी उसंत लाभली नाही, तिचा याहून चांगला उपयोग तो कोणता?