सोलापूरच्या बातम्या, आपल्या निवडीने: आरएसएस रीडर वापरून बघा!

उजनीची पाणीपातळी, कांद्याचे भाव, सिद्धेश्वर यात्रेतले वाहतुकीचे बदल... सोलापूरकरांना हव्या त्या बातम्या सोशल मीडियाच्या गर्दीत हमखास हरवतात. यावर उत्तम उपाय म्हणजे आरएसएस रीडर. आरएसएस हे १९९९ पासूनचं तंत्र. साइटवर नवीन मजकूर आला की तिच्या फीडमध्ये, म्हणजे नव्या मजकुराच्या यादीत, नोंद होते आणि आपलं अॅप ती उचलून आणतं.

सुरुवात अशी करा:

📌 अँड्रॉइडवर 'फीडर', आयफोनवर 'नेटन्यूजवायर' घ्या. दोन्ही मोफत, खातं उघडायची गरज नाही.

📌 बीबीसी मराठीसारख्या साइटची फीड जोडा.

📌 गूगल अलर्ट्समध्ये 'उजनी धरण' टाका. पर्यायांमध्ये ईमेलऐवजी 'आरएसएस फीड' निवडा आणि मिळालेली लिंक रीडरमध्ये पेस्ट करा. आता उजनीची बातमी स्वतःहून तुमच्याकडे येईल.

२०१३ मध्ये गूगलचं आरएसएस रीडर, 'गूगल रीडर', बंद झालं, पण आरएसएस टिकलं, कारण ते कुणा एका कंपनीच्या मालकीचं नाही. फीड्सची यादी ओपीएमएल फाइलमधून दुसऱ्या अॅपमध्येही नेता येते.

आधी चार-पाचच फीड्स जोडा. काय वाचायचं, हे आपणच ठरवायला हवं!