ख्रिस्ती उपवास आणि प्रार्थना

अर्थ
ख्रिस्ती परंपरेत उपवास म्हणजे ईश्वराकडे चित्त वळवण्यासाठी स्वेच्छेने केलेला अन्नत्याग. डोंगरावरील प्रवचनात (मत्तय, अध्याय ६) येशू दानधर्म, प्रार्थना आणि उपवास यांचा एकापाठोपाठ विचार करतो व तिन्हींना एकच अट घालतो : प्रदर्शन नको. उपवास करणाऱ्याने तोंड धुवावे, डोक्याला तेल लावावे, म्हणजे उपवास कोणाला कळणारही नाही, इतकी बारीक सूचना तेथे आहे.

तिन्हींचे नाते
भूक लागली की माणसाला आपले परावलंबित्व जाणवते. प्रार्थना ही जाणीव ईश्वराकडे नेते. प्रार्थना नसेल तर उरतो तो केवळ आहारनियम. उपवासाच्या बदल्यात ईश्वराकडून काही पदरात पाडून घेता येत नाही, यावर प्रमुख पंथांचे एकमत आहे. वाचलेल्या अन्नाचे काय करायचे, हा प्रश्नही उपवासाचाच भाग. यशया संदेष्टा (अध्याय ५८) अन्याय चालू ठेवून केलेला उपवास व्यर्थ ठरवतो. दुसऱ्या शतकातील अरिस्तिदेस सांगतो की, गरजूला देण्याजोगे शिल्लक नसेल तर ख्रिस्ती लोक दोन-तीन दिवस स्वतः उपाशी राहून त्याची सोय करीत.

उपवासकाळ
येशूच्या अरण्यातील चाळीस दिवसांच्या उपवासाच्या स्मरणार्थ कॅथलिक पंथीय ईस्टरपूर्वी उपवासकाळ पाळतात. राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत दिवस भरतात ४६. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, म्हणून सहा रविवार वगळले की ४० उरतात. सक्तीचे उपवास मात्र दोनच : राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. त्या दिवशी एक पूर्ण जेवण आणि दोनदा अल्पाहार चालतो. साबुदाण्यासारखा उपवासाचा वेगळा पदार्थ नाही. मांस वर्ज्य, मासे चालतात. वसईच्या किनाऱ्यावर मासे रोजचेच, त्यामुळे तेथे या सवलतीने त्याग फारसा उरत नाही, हेही खरे. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेचा नियम कडक असून त्यात अंडी आणि दूधही वर्ज्य आहे. प्रोटेस्टंट पंथांत हा विषय बहुधा व्यक्तीवर सोपवलेला असतो.

निर्णयापूर्वी
प्रेषितांच्या कृत्यांत (अध्याय १३) अंत्युखियाची मंडळी उपवास व प्रार्थना करून मगच बर्णबा आणि शौल यांना कार्यासाठी पाठवते. मोठ्या निर्णयाआधी स्वतःची इच्छा बाजूला ठेवून ईश्वराची इच्छा समजून घेणे, हा त्यामागचा हेतू.

मर्यादा
कॅथलिक नियमानुसार उपवासाचे बंधन १८ वर्षे पूर्ण झाल्यावर सुरू होते आणि साठावे वर्ष लागताच संपते; आजारी व गर्भवती यांना सूट असते. अतिरेकावरही धर्मसभांनी लगाम घातला. चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातील गांग्रा येथे भरलेल्या सभेने, मांस खाणाऱ्यांना दोषी ठरवणाऱ्या आणि तपश्चर्येच्या नावाखाली रविवारीही उपाशी राहणाऱ्या लोकांनाच बहिष्कृत ठरवले.