घरपट्टीचे बंड

अमेरिकेच्या राजकारणावर आपल्याकडे गप्पा रंगतात त्या बहुतेक व्हाइट हाउसबद्दल. पण तिथल्या माणसाच्या मुलांची शाळा, दारासमोरचा रस्ता, आगीचा बंब आणि घरावरचा कर हे सगळे ठरते राज्यात आणि गावात. उजव्या विचारांच्या ज्या लाटेने रोनाल्ड रेगन १९८० मध्ये राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले, तिची पहिली मोठी उसळीही वॉशिंग्टनमध्ये आली नाही. ती आली कॅलिफोर्नियात, आणि तीही घरपट्टीच्या बिलावरून. ६ जून १९७८ रोजी तिथल्या मतदारांनी ‘प्रपोझिशन १३’ नावाची दुरुस्ती सुमारे ६५ टक्के मतांनी थेट राज्यघटनेत घातली. तिला चार दशकांहून अधिक काळ उलटला, तरी तिचा गाभा आजही जागचा हललेला नाही.

या बंडाचे मूळ भ्रष्टाचार निपटण्याच्या एका प्रामाणिक प्रयत्नात आहे. कॅलिफोर्नियात प्रत्येक काउंटीला, म्हणजे जिल्ह्याला, निवडून आलेला असेसर असतो. मालमत्तेची किंमत तो ठरवतो आणि त्यावर घरपट्टी आकारली जाते. मते घरमालकांची असतात, म्हणून वर्षानुवर्षे असेसर घरांची किंमत कमी धरत आणि दुकाने-कारखान्यांची जास्त. उघड कोणी बोलत नसे, पण व्यवस्था सगळ्यांना ठाऊक होती. १९६५ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत उघड झाले की काही कंपन्या पैसे चारून आपले मूल्यांकन उतरवून घेत होत्या. असेसर रसेल वोल्डन दोषी ठरला. विधिमंडळाने १९६६ मध्ये कायदा केला की यापुढे घर असो वा कारखाना, बाजारभावाच्या २५ टक्के हेच करपात्र मूल्य धरायचे. कायदा न्याय्य होता. फक्त त्याने घरमालकांना मिळणारी गुपचूप सवलत एका फटक्यात संपवली. भ्रष्ट असेसर परत आणा, असे स्टिकर सॅन फ्रान्सिस्कोत मोटारींवर झळकू लागले.

मग महागाई आली. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर दक्षिण कॅलिफोर्नियात घरांच्या किमती झपाट्याने चढल्या. नवा कायदा असेसरला त्या किमतींकडे डोळेझाक करू देत नव्हता. लॉस एंजेलिस काउंटीत मूल्यांकन काही वर्षांच्या फेऱ्याने होई, त्यामुळे साचलेली वाढ एकदमच अंगावर येई. बिल दुप्पट-तिप्पट झालेली कुटुंबे हजारोंनी होती. पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचे घर कागदावर महागले, हातात मात्र एक डॉलर वाढला नाही. करासाठी राहते घर विकावे लागेल ही भीती कोणा प्रचारकाने शोधून काढलेली नव्हती, ती खरी होती. या चळवळीबद्दल लिहिताना तिच्या नेत्यांच्या हितसंबंधांकडे बोट दाखवून ही भीती झटकून टाकणारे लेखन मला अन्यायाचे वाटते.

आणखी एक धागा शाळांचा आहे. शाळांचा मोठा खर्च स्थानिक घरपट्टीतून चालत असे. त्यामुळे श्रीमंत उपनगरांच्या शाळा श्रीमंत आणि गरीब वस्त्यांच्या गरीब राहत. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘सेरानो’ खटल्यात १९७१ आणि १९७६ मध्ये ही तफावत घटनाविरोधी ठरवली. निकाल योग्यच होता. पण आपण भरलेला कर आपल्याच मुलांच्या शाळेत जातो, म्हणून तो निमूट भरणाऱ्या उपनगरवासीयाचे ते कारणच सुटले. या निकालाने बंडाला बळ दिले असे काही अर्थशास्त्रज्ञ मानतात, इतरांना ते पटत नाही. मला त्यात तथ्य दिसते.

या साऱ्यात राज्याची राजधानी सॅक्रामेंटो इथले सत्ताधारी काय करत होते? राज्याच्या तिजोरीत सुमारे पाच अब्ज डॉलरची शिल्लक साचली होती. गव्हर्नर जेरी ब्राउन डेमोक्रॅट, विधिमंडळात बहुमत डेमोक्रॅटांचे. सवलत कुणाला आणि किती द्यायची यावर १९७७ चे सबंध वर्ष वादात गेले आणि निष्पन्न काहीच झाले नाही. लोक करासाठी घर गमावण्याच्या धास्तीत आणि सरकार शिल्लक पैशावर बसलेले! प्रपोझिशन १३ चे श्रेय मी ती आणणाऱ्या हॉवर्ड जार्विसइतकेच या निष्क्रियतेलाही देतो.

जार्विस हा युटा राज्यातल्या मॅग्ना या खाणगावात १९०३ मध्ये जन्मलेला माणूस. तरुणपणी वृत्तपत्रे चालवली, कॅलिफोर्नियात येऊन कारखानदारी केली, रिपब्लिकन पक्षात खटपट केली, १९६२ मध्ये सिनेटच्या उमेदवारीसाठी उतरून हरला. त्यानंतर करविरोध हेच त्याचे आयुष्य झाले. आडदांड, मोठ्या आवाजाचा, समोरच्याची भीड न ठेवणारा हा गृहस्थ गावोगावच्या सभागृहांत जाऊन बोलत असे. प्रस्ताव मतदारांपुढे आणण्यासाठी सह्या गोळा करण्याचे त्याचे आधीचे प्रयत्न फसले होते. लॉस एंजेलिसच्या इमारतमालक संघटनेशी त्याचा संबंध होता, हे विरोधक सतत सांगत आणि ते खरेही होते. त्याचा जोडीदार पॉल गॅन सॅक्रामेंटोचा, उत्तरेत पाय रोवलेला आणि स्वभावाने मवाळ. दोघे एकत्र आल्यावर बारा लाखांहून अधिक सह्या जमल्या, आवश्यक संख्येच्या दुपटीहून जास्त.

सह्यांचा हा मार्ग खुला केला होता १९११ मध्ये, हायरम जॉन्सन या सुधारणावादी गव्हर्नरच्या काळात. सदर्न पॅसिफिक रेल्वे कंपनीने विधिमंडळ खिशात घातले होते, म्हणून लोकांना परस्पर कायदा करण्याचा हक्क दिला गेला.

विरोधात कोण नव्हते? गव्हर्नर, शिक्षक संघटना, सरकारी कर्मचारी, बहुतेक मोठी वृत्तपत्रे, कित्येक मोठ्या कंपन्या आणि बँकासुद्धा. बाजूने रेगन आणि अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन. विधिमंडळाने घाईघाईने ‘प्रपोझिशन ८’ हा सौम्य पर्याय त्याच मतपत्रिकेवर आणला, पण वेळ टळून गेली होती. निवडणुकीच्या तोंडावर लॉस एंजेलिसमधले नवे मूल्यांकन जाहीर झाले आणि उरलासुरला प्रश्न मिटला. निकालानंतर ब्राउन यांनी पवित्रा असा बदलला की नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा निवडून आले.

दुरुस्ती मोजक्या कलमांची होती. घरपट्टी किमतीच्या एक टक्क्याहून जास्त नाही. आधी सरासरी दर २.६७ टक्क्यांच्या आसपास होता. किंमत धरायची १९७५ ची. ती वर्षाला फार तर दोन टक्के वाढवायची. मालमत्ता विकली गेली किंवा नवे बांधकाम झाले, तरच बाजारभावाने नव्याने मोजायचे. आणि राज्यात कर वाढवायचा तर विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते हवीत. गावाला विशेष कर बसवायचा तर मतदारांची दोन तृतीयांश.

पहिल्याच वर्षी घरपट्टीचे उत्पन्न निम्म्याहून खाली आले. राज्याने शिल्लक रक्कम गावांना आणि शाळांना वाटली, त्यामुळे आकाश कोसळले नाही आणि विरोधकांची भाकिते पोकळ ठरली असे लोकांना वाटले. बदल हळूहळू दिसला. एक टक्क्याच्या मर्यादेत जमणारा पैसा काउंटी, नगरपालिका आणि शाळा यांत कसा वाटायचा, हे ठरवण्याचा अधिकार राज्याकडे गेला. स्थानिक शाळा मंडळाला स्वतःचा दर ठरवता येईना. नगरपालिका घरपट्टीऐवजी विक्रीकरावर अवलंबून राहू लागल्या, म्हणून मोकळ्या जमिनीवर घरांपेक्षा मोठी दुकाने आणि मोटारींची विक्रीकेंद्रे त्यांना प्रिय झाली. नव्या वसाहतींवर भारी शुल्क बसले. राज्याचे उत्पन्न वरच्या थरातल्यांच्या आयकरावर झुकले आणि शेअर बाजाराबरोबर वरखाली होऊ लागले. जुलै २००९ मध्ये तर राज्याने देणेकऱ्यांना पैशांऐवजी वचनचिठ्ठ्या दिल्या.

मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट हीच. सरकार लहान असावे आणि ते माणसाच्या जवळ असावे, ही परंपरावादी विचाराची अमेरिकेतली सर्वांत जुनी आणि आदरणीय मागणी आहे. प्रपोझिशन १३ ने नेमके उलटे घडवले. शाळेचा आणि गावाचा पैसा शेजारच्या सभागृहातून उठून शेकडो मैलांवरच्या राजधानीत गेला. आपल्या शाळेवर जास्त खर्च करायची इच्छा असलेल्या गावालाही ते सहज करता येईना. भाडेकरूंना भाडी उतरतील असे सांगितले होते. ती फारशी उतरली नाहीत, आणि संतापलेल्या भाडेकरूंच्या रेट्यामुळे १९७९ मध्ये सॅन्टा मोनिका आणि सॅन फ्रान्सिस्कोत भाडेनियंत्रण आले. करविरोधी इमारतमालकांच्या मोहिमेतून भाडेनियंत्रण जन्माला यावे, हे त्या मोहिमेच्या पुढाऱ्यांना खचितच नको होते.

दुसरा परिणाम शेजाऱ्या-शेजाऱ्यांतला. एक साधा हिशेब करू. १९७५ मध्ये ६० हजार डॉलर किंमत असलेले घर त्याच कुटुंबाकडे राहिले, तर वर्षाला दोन टक्क्यांनी त्याचे करपात्र मूल्य आज सुमारे एक लाख ६० हजार होते आणि मूळ घरपट्टी १६०० डॉलरच्या आसपास. शेजारचे तसेच घर आज १५ लाख डॉलरला घेणाऱ्याला १५ हजार. रस्ता एकच, आगीचा बंब एकच, शाळा एकच. सनीव्हेल, फ्रीमाँट, सॅन होझे इथे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत घर घेतलेली मराठी कुटुंबे याच दुसऱ्या रांगेत आहेत. स्टेफनी नॉर्डलिंगर या लॉस एंजेलिसच्या वकिलीणबाईंनी १९८८ मध्ये एक लाख ७० हजार डॉलरला घर घेतले तेव्हा त्यांना १७०० डॉलर कर आला, तर तशाच घरांच्या जुन्या मालकांना त्याच्या पाव हिश्श्याहूनही कमी. त्या फेडरल सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. १९९२ मध्ये आठ विरुद्ध एक मतांनी हरल्या. वस्तीत स्थैर्य राखणे हे राज्याचे वैध उद्दिष्ट आहे, असे बहुमताचे म्हणणे. एकटे न्यायमूर्ती स्टीव्हन्स विरोधात गेले. २००३ मध्ये गव्हर्नरपदाचे उमेदवार अर्नोल्ड श्वार्झनेगर यांचे सल्लागार असलेल्या गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी आपल्याच दोन घरांची बिले मांडून दाखवली. ओमाहातल्या पाच लाखांच्या घराला १४ हजारांवर कर, आणि कॅलिफोर्नियातल्या ४० लाखांच्या घराला सुमारे २३००. श्वार्झनेगरनी त्यांना तो विषय बंद करायला लावला.

व्यापारी मालमत्तांचे तर विचारूच नका. माणूस मरतो, घर विकले जाते; कंपनी मरत नाही, आणि मालकी तुकड्यांत बदलली तर नवे मूल्यांकन टाळता येते. मोठ्या व्यापारी मालमत्तांवर बाजारभावाने कर लावण्याचा प्रस्ताव २०२० मध्ये मतदारांपुढे आला आणि ५२ विरुद्ध ४८ टक्क्यांनी पडला.

कॅलिफोर्नियाची ठिणगी इतर राज्यांत गेली. मॅसॅच्युसेट्ससारख्या डेमोक्रॅट बालेकिल्ल्यात १९८० मध्ये घरपट्टीवर अडीच टक्क्यांची मर्यादा आली. कोलोरॅडोत १९९२ मध्ये सरकारी महसुलाची वाढ लोकसंख्या आणि महागाई यांच्याशी घटनेतच बांधली गेली. तिथल्याच मतदारांनी २००५ मध्ये ती पाच वर्षांसाठी सैल केली. कॅन्ससची गोष्ट तर शिकण्यासारखी आहे. गव्हर्नर सॅम ब्राउनबॅक यांनी २०१२ मध्ये आयकर मोठ्या प्रमाणात कापला आणि बऱ्याच छोट्या व्यावसायिकांचे उत्पन्न करमुक्त केले. अपेक्षित भरभराट आली नाही, तिजोरी आटली, आणि जून २०१७ मध्ये रिपब्लिकन बहुमत असलेल्या विधिमंडळानेच गव्हर्नरचा नकाराधिकार झुगारून ती कपात मागे घेतली. परंपरावादी आमदारांनी आपल्याच गव्हर्नरचा निर्णय पाच वर्षांत दुरुस्त केला, कारण तो साधा कायदा होता. कॅलिफोर्नियाला ती सोय नाही, कारण तिथला निर्णय घटनेत आहे.

मुंबईकराला यातले बरेच ओळखीचे वाटेल. १९४७ च्या भाडे कायद्याने जुनी भाडी गोठवली आणि घरपट्टी भाड्यावरून ठरत असल्याने ती घरपट्टीही गोठली. पागडीच्या खोलीत राहणारा आणि नव्या इमारतीत घर घेणारा यांच्या बिलांत जमीन-अस्मानाचे अंतर पडले. महापालिकेने २०१० पासून भांडवली मूल्याची पद्धत आणली आणि २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफी मिळाली. तीही मागणी मध्यमवर्गाच्या खऱ्या अडचणीतून आलेली आहे, आणि माफीची भरपाई कोणाकडून होणार हा प्रश्न इथेही पुरेसा विचारला गेलेला नाही.

जार्विसच्या नावाची करदाता संघटना आजही सॅक्रामेंटोत जागरूक आहे. करवाढीवर आणखी कडक बंधने घालणारा एक प्रस्ताव मतपत्रिकेवर यायचा होता, पण तो घटनेच्या मूळ रचनेलाच हात घालतो म्हणून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये काढून टाकला. असे प्रस्ताव पुन्हा येतील. कॅलिफोर्नियात मताचा हक्क असलेल्या मराठी वाचकांना माझी विनंती आहे की, निवडणुकीआधी सरकारकडून घरी येणारी माहितीपुस्तिका बाजूला टाकू नका. उमेदवारांच्या नावांनंतर छापलेले प्रस्ताव शेवटच्या कलमापर्यंत वाचा आणि मगच मत द्या.