उधारीची वही आणि कथेची वही

बँकेतून निवृत्त झाल्यावर काही वर्षे लोक माझ्याकडे एकाच प्रकारचे कागद घेऊन येत असत. कर्जाचा अर्ज, जामीनदाराचे पत्र, मुदत ठेवीवर कापलेल्या कराचा हिशेब. अलीकडे मात्र निराळे कागद येऊ लागले आहेत. गेल्या पावसाळ्यात पनवेलच्या जुन्या बाजारातील एका परिचित कापड व्यापाऱ्यांच्या घरची धाकटी सून आपल्या सासूबाईंसह संध्याकाळी घरी आली. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेली चाळीसेक पाने तिने टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "काका, ही कथा आहे. वाचून सांगा, मी पुढे लिहू की थांबू?" सासूबाई थोडा वेळ गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, "आमच्याच घरचं लिहिलंय तिनं. चांगलं लिहिलंय. पण हे छापायचं कसं?"

त्या दोघींचे प्रश्न ऐकताना एकच वाटतात, पण ते दोन आहेत. पहिल्याचे उत्तर सोपे आहे, दुसऱ्याचे मला स्वतःला फार उशिरा कळले. कथा-कादंबरी लिहू इच्छिणाऱ्या आपल्या घरांतील तरुण-तरुणींसाठी दोन्हींविषयी लिहितो.

"लिहू की थांबू?" या प्रश्नामागे बहुतेक वेळा एक समजूत दडलेली असते. लेखक म्हणजे मराठी विषय घेऊन पदवी मिळवलेला आणि दुसरा उद्योग नसलेला मनुष्य. दुकान, हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रे यांत बुडालेल्याचे ते काम नव्हे. ही समजूत चुकीची आहे. श्री. ना. पेंडसे यांनी आपली नोकरीची वर्षे मुंबईच्या बेस्ट उपक्रमात घालवली. 'एल्गार' ही त्यांची पहिली कादंबरी १९४९ साली आली, तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते. 'गारंबीचा बापू' १९५२ साली आणि 'रथचक्र' १९६२ साली, म्हणजे ही सारी निर्मिती नोकरी सांभाळून झाली. 'तुंबाडचे खोत' हा दोन खंडांचा प्रचंड ग्रंथ १९८७ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. दापोलीजवळचे मुर्डी हे गाव त्यांनी लहानपणी सोडले, पण मुंबईच्या कचेरीत बसून ते आयुष्यभर त्याच मुलखाविषयी लिहीत राहिले.

गंगाधर गाडगीळांचे उदाहरण तर आम्हा वाणिज्य शाखेच्या लोकांना अधिकच जवळचे. मराठी नवकथेचे ते एक प्रमुख शिल्पकार. पण पोटापाण्याचा विषय अर्थशास्त्र. मुंबईच्या नरसी मोनजी वाणिज्य महाविद्यालयाचे ते १९६४ ते १९७१ या काळात प्राचार्य होते. बाजाराची भाषा जाणणारा माणूस माणसाच्या मनातील सूक्ष्म हालचाल टिपू शकतो, हे त्यांच्या कथा वाचल्यावर निराळे सांगावे लागत नाही. कथालेखनाच्या तंत्राविषयी मराठीत वाचायचेच असेल तर ना. सी. फडके यांचे 'प्रतिभासाधन' आहे, ते १९३१ सालचे. त्यातील सगळेच आज कुणी मानणार नाही. मीही मानत नाही. पण एवढ्या वर्षांपूर्वी एका कादंबरीकाराने आपली हत्यारे उघडी करून दाखवली, हे पाहण्यासारखे आहे. मात्र तंत्राचे एक पुस्तक वाचावे आणि कथांची पन्नास वाचावीत, असे प्रमाण ठेवावे.

आता सामग्रीविषयी. व्यापारी घरातील मुले मला सांगतात की आमच्या आयुष्यात घडतेच काय. सकाळी शटर वर, रात्री शटर खाली. अशा वेळी मी त्यांना जालोर येथे इसवी सन ७७९ मध्ये पूर्ण झालेल्या 'कुवलयमाला' या प्राकृत कथाग्रंथाची आठवण देतो. त्याचे कर्ते उद्द्योतनसूरी. या ग्रंथातील राजपुत्र एका नगराच्या बाजारपेठेत शिरतो आणि तेथे निरनिराळ्या प्रांतांचे व्यापारी त्याला दिसतात. ग्रंथकार प्रत्येकाची चण, स्वभाव आणि बोलण्यातला एखादा शब्द नोंदवतो. मराठी व्यापारी त्याला काटक, सावळा, अभिमानी आणि थोडा भांडखोर दिसला आहे! त्याच्या तोंडी जे शब्द घातले आहेत ते देण्याघेण्याचेच. मराठी बोलीच्या अगदी जुन्या नमुन्यांत त्या शब्दांची गणना होते. साडेबाराशे वर्षांपूर्वीच्या एका मुनींना बाजारात कान देऊन ऐकण्यासारखे काही सापडले. तुम्ही तर रोज दहा तास गल्ल्यावर बसता.

तेव्हा पहिला अभ्यास म्हणजे ऐकणे. उधारी मागायला आलेला गिऱ्हाईक आधी हवापाण्याचे बोलतो, मग मुलाच्या शाळेचे, आणि निघताना चप्पल पायात सरकवताना खरी गोष्ट काढतो. बँकेत मी हे शेकडो वेळा पाहिले. कर्ज हवे असणारा माणूस "कर्ज" हा शब्द सर्वांत शेवटी उच्चारतो. नवे लेखक मात्र पहिल्याच वाक्यात पात्राकडून सारे दुःख वदवून घेतात. उरण नाक्यावरची भाजीवाली, तुमच्या पेढीवरचे जुने मुनीम आणि इंग्रजी शाळेत शिकलेला तुमचा पुतण्या एकसारखे मराठी बोलत नाहीत. कथेतही बोलू नयेत. यासाठी एक वेगळी वही ठेवावी. दुकानातल्या रोजमेळात तारीख, रक्कम आणि नाव असते. या वहीत तारीख आणि ऐकलेले वाक्य, बस्स. त्यावर आपले भाष्य त्याच दिवशी लिहू नये.

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे येतो. यासाठी मला माझीच एक चूक सांगावी लागेल.

सुमारे तीस वर्षांपूर्वी मी एका शाखेत कर्ज विभाग पाहत होतो. धान्याचे एक घाऊक व्यापारी आमचे खातेदार होते. दोन हंगाम वाईट गेले आणि त्यांचे कॅश-क्रेडिट खाते थकले. दर शनिवारी ते येत, छत्री नीट गुंडाळून खुर्चीला टेकवत आणि मुदत मागत. एका शनिवारी त्यांच्या बोटावरची अंगठी नव्हती. तिच्या जागी फिकट वळ तेवढा दिसत होता. तो वळ माझ्या मनातून जाईना. मी कथा लिहिली. नाव बदलले, गाव बदलले, धान्याच्या जागी लोखंड केले. एका दिवाळी अंकात ती छापून आली आणि मित्रांनी पाठ थोपटली. परंतु छत्री आणि अंगठीचा वळ मी तसेच ठेवले होते, कारण कथेत चांगले काही असेल तर तेवढेच होते.

त्यांच्या मुलाने ती वाचली. पुढच्या शनिवारी ते आले नाहीत. वर्षभरात त्यांनी पै न पै फेडली आणि खाते बंद करण्याचा अर्ज माझ्यापुढे ठेवताना एवढेच म्हणाले, "साहेब, मी माल तारण ठेवला होता. स्वतःला ठेवलं नव्हतं." बँकेत रुजू होताना निष्ठा आणि गोपनीयतेच्या घोषणापत्रावर मी सही केली होती. त्या घोषणापत्राचा भंग झाला असे कुठल्याही चौकशीत सिद्ध झाले नसते. पण मी काय केले ते मला ठाऊक होते. त्या वर्षी संवत्सरीनंतर मी त्यांच्या घरी क्षमा मागायला गेलो. त्यांनी चहा दिला, ठेवींच्या व्याजदराची चौकशी केली. कथेचा विषय त्यांनी काढला नाही आणि मलाही काढू दिला नाही.

पुष्कळ दिवसांनी माझ्या लक्षात आले की चूक नुसती गुप्ततेची नव्हती, कथेचीही होती. त्यांच्या मनात काय चालले होते हे मला माहीत नव्हते. ते मी रचले होते. मला खरोखर माहीत होते ते टेबलाच्या अलीकडच्या बाजूचे: सही करण्याचा अधिकार असलेला, वसुलीच्या आकड्यांना घाबरलेला आणि समोरच्याच्या बोटाकडे चोरून पाहणारा अधिकारी. कथा त्याची लिहायला हवी होती. ती अधिक खरी झाली असती, आणि त्या गृहस्थांची अंगठीही त्यांच्यापाशी राहिली असती.

या बाबतीत बनारसीदासांसारखा गुरू नाही. १५८६ साली जौनपूरला जन्मलेले हे जवाहिऱ्यांच्या घरातील कवी. १६४१ साली त्यांनी 'अर्धकथानक' हे पद्य आत्मचरित्र लिहिले. ती कल्पित कथा नव्हे, पण कथा लिहिणाऱ्याने ते जरूर वाचावे. तरुणपणी रचलेले शृंगारकाव्य आपण गोमती नदीत टाकून दिले, धंद्यात बुडालो, आग्ऱ्यात कचोरीवाल्याकडे उधारीवर जेवलो आणि त्या हलाखीत रात्री लोकांना प्रेमकथा वाचून दाखवीत बसलो, हे सारे ते लपवत नाहीत. हसे करतात ते स्वतःचे. उधारी देणाऱ्या कचोरीवाल्याचा चांगुलपणा मात्र आठवणीने नोंदवतात. आपल्या घरात जन्मपत्रिकेपासून ताळेबंदापर्यंत सारे कुलूपबंद ठेवण्याची सवय असते. त्या घरात लिहायला बसणाऱ्याने कुलूप उघडायचेच असेल, तर आधी स्वतःच्या कपाटाचे उघडावे.

थोडे छपाईविषयी, कारण तेथेच आपली हुशार माणसे फसतात. 'मनोरंजन' मासिकाने १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली आणि आजही नव्या लेखकाला तो दरवाजा सर्वांत मोकळा आहे. कथा पावसाळ्याच्या आरंभीच पाठवावी. गणपती आले की अंक भरलेले असतात. परत आली तर राग धरू नये. 'सत्यकथा' मासिकाचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना दुरुस्त्या सुचवून पुन्हा पुन्हा लिहायला लावत. १९८२ साली ते मासिक बंद पडले. तशी सूचना करणारा वाचक आता आपणच शोधावा लागतो. तो शक्यतो नातेवाईक नसावा.

लेखकाकडूनच पैसे घेऊन पुस्तक काढणारे पुष्कळ आहेत. त्यात गैर काही नाही, पण हिशेब मांडून मग हो म्हणावे. समजा, ३०० प्रतींसाठी तुम्ही ४०,००० रुपये दिलेत आणि किंमत २५० ठेवलीत. विक्रेत्याने ४० टक्के सूट घेतली तर हाती प्रतीमागे १५० रुपये. नुसती मुद्दल सुटायला २६७ प्रती खपाव्या लागतील, आणि त्याही नातेवाइकांना भेट न देता! करारही वाचावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे राहतो. तो दुसऱ्याला देणे लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. दुकानाचा भाडेकरार तीनदा वाचणारी माणसे कादंबरीच्या करारावर न वाचता सही करतात, हे मी पाहिले आहे.

त्या सूनबाईंची पाने मी आठ दिवसांनी परत केली. कथा सासऱ्यांच्या तोंडून सांगितली होती आणि त्यांच्या मनातले तिला काहीच ठाऊक नव्हते. ती स्वतः त्या घरात आली त्या दिवसापासून लिही, आणि पहिली वाचक सासूबाईंनाच कर, एवढेच सुचवले. दिवाळीनंतर दुसरा खर्डा आला. समासात पेन्सिलीने एके ठिकाणी सासूबाईंच्या अक्षरात लिहिले होते: "तेव्हा दुकानात पंखा नव्हता. हे उन्हाळ्यात ओला पंचा खांद्यावर टाकून बसायचे. हे घाल."